उस्तादांची चक्कर

नव्वदच्या दशकात रामनवमीच्या दिवशी जांब समर्थच्या राममंदिराकडे येणारा रस्ता जीपगाड्यांनी भरून जायचा. समर्थ रामदासांचा जन्म या गावचा, १६०८ सालचा, आणि तोही रामनवमीचाच. त्यामुळे आमच्याकडे हा उत्सव दुहेरी असतो. परतूरला रेल्वेनं उतरलेले भाविक, घनसावंगी-अंबडकडची मंडळी, कुंभार पिंपळगाव-तीर्थपुरीची माणसं जीपला लटकून यायची. दुपारी बाराला पाळणा हलला, प्रसाद घेतला, की गर्दी पांगू लागायची आणि सावलीत उभ्या असलेल्या जीपांची बॉनेटं उघडायची. कुणी रेडिएटरमध्ये कळशीनं पाणी ओतायचा, कुणी ऑइलची पट्टी काढून फडक्याला पुसायचा, पुन्हा बुडवायचा आणि डोळ्यांजवळ धरून बघायचा. हे केल्याशिवाय परतीला निघालेला ड्रायव्हर मला आठवत नाही.

बघावंच लागायचं, कारण गाडी स्वतःहून फार थोडं सांगायची. आमच्या घरी महिंद्राची डिझेल जीप होती. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांच्या त्या जीपचा डॅशबोर्ड सपाट पत्र्याचा, आणि त्यात गोल मीटर बसवलेले: किलोमीटरचा, डिझेलचा, हीटचा, ऑइल प्रेशरचा आणि अँपिअरचा. किलोमीटरची केबल तुटली ती तुटलीच. डिझेलचा काटा चढावर एक सांगायचा आणि उतारावर दुसरंच. दादांचा विश्वास उरलेल्या तिघांवर. अँपिअरचा काटा अधिकच्या बाजूला झुकला म्हणजे बॅटरी चार्ज होतेय, उणेच्या बाजूला राहिला म्हणजे बॅटरीतून खर्च चाललाय. ऑइलचा काटा पडला की गाडी जागच्या जागी बंद करायची, हा घरातला नियम होता आणि तो आम्हा पोरांनाही पाठ होता. इंजिन बंद करायला डॅशबोर्डखालची खुंटी ओढावी लागायची. ती ओढली की पंपातलं डिझेल तुटायचं आणि इंजिन थांबायचं. सुरू करायला बॅटरी लागे, पण एकदा सुरू झालेलं ते इंजिन विजेवाचूनही चालत राहायचं. तारा होत्या त्या दिव्यांना, हॉर्नला आणि सेल्फला. बाकी सगळा कारभार लोखंडाचा, तेलाचा आणि रबराचा.

राहिलेली खबर कानाला, नाकाला आणि पायाला कळायची. क्लच जळाला की वास यायचा. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पॅडल स्पंजासारखं दबायचं आणि पायाला ते लगेच समजायचं. चाकाची बेरिंग गेली की घरघर सुरू व्हायची, आणि वळणावर ती वाढते की कमी होते यावरून डावं चाक की उजवं हे दादा सांगायचे. मी मागच्या बाकावर बसून हे ऐकत मोठा झालो. गाडीचा आवाज बदलला की गप्पा थांबायच्या. सगळेच कान द्यायचे.

मग गाडी उस्तादांकडे जायची. कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं एक शेड, एक खड्डा, हाताशी दोन पोरं आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने. उस्ताद फारसे शिकलेले नव्हते. ट्रकवर क्लीनर म्हणून लागले, जालन्याच्या एका वर्कशॉपात हाताखाली काम करता करता मिस्त्री झाले. त्यांची कामाची रीत ठरलेली होती. गाडी आल्या आल्या पाना हातात घ्यायचे नाहीत. आधी दादांना शेजारी बसवून गाडी थोडी फिरवून आणायची, तक्रार स्वतः ऐकायची. मग इंजिन चालू ठेवून लांब पेचकसाचं टोक एकेका जागी टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. तेवढ्यानं टॅपेटचा आवाज कुठला, बेरिंगचा कुठला आणि पाण्याच्या पंपाचा कुठला हे त्यांना उमगायचं. खोलल्यावर झिजलेला भाग फडक्यावर ठेवून दादांना हाक मारायचे. “दादा, हे बघा, इथं खड्डा पडलाय. नख फिरवून बघा.” दादा नख फिरवायचे. मीही फिरवायचो. दोष बोटाला लागायचा.

सगळ्यात महत्त्वाचं काम शेवटी असायचं. गाडी जोडून झाली, ग्रीस-ऑइल झालं, हात रॉकेलनं धुतले, की उस्ताद म्हणायचे, “चला, एक चक्कर मारून येऊ. पैशाचं नंतर बघू.” स्टेअरिंगवर ते, शेजारी दादा, मागे हत्यारांची पेटी घेऊन पोरगा. कालव्याकडच्या चढापर्यंत जायचं. मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग क्षणभर सैल सोडून गाडी कुठे ओढते का ते बघायचं. एकदा सावकाश ब्रेक, एकदा कचकन. चढावर थांबून पुन्हा उचलायची, म्हणजे क्लच कळतो. मग उतरून प्रत्येक चाकाजवळ हात न्यायचा. एखादं जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय. परत आल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा आवळायचे, कारण चाललेल्या गाडीचा नट थोडा बसतो. एवढं झाल्यावर हिशेब. काढलेले जुने भाग कागदात बांधून दादांच्या हातात. आणि चक्करमध्ये काही खटकलं, तर गाडी पुन्हा खड्ड्यावर. त्याचे वेगळे पैसे उस्तादांनी मागितले नाहीत आणि दादांनी कधी विचारलं नाही.

समर्थांच्या गावात वाढलेल्या माणसाला दासबोध कानावरून गेलेला असतो. त्या ग्रंथात प्रचीतीला फार मोठं स्थान आहे. स्वतः अनुभवल्याशिवाय, पडताळल्याशिवाय बोलू नये आणि मानू नये, असा समर्थांचा आग्रह आहे. उस्तादांनी तो ग्रंथ वाचलेला असण्याचं कारण नव्हतं, पण त्यांचं काम प्रचीतीचं होतं. पाना ठेवला म्हणजे दुरुस्ती संपली, असं ते मानत नव्हते. गाडी रस्त्यावर नीट चालली आणि ते मालकानं शेजारी बसून पाहिलं, म्हणजे दुरुस्ती संपली.

त्या दिवसांची सगळीच बाजू गोड नव्हती, आणि ते लपवून आठवणी सांगणं खरं नाही. जुन्या जीपांमध्ये ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच असायचा. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जायचे, आणि ती फुटेपर्यंत काही कळायचं नाही. काट्यांचे मीटर बिघडायचे, आणि बिघडलेला मीटर चांगल्या मीटरइतकाच शांत दिसायचा. ऑइल संपून इंजिन जाम झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. लग्नाच्या वऱ्हाडाला नऊ जणांच्या जीपमध्ये वीस माणसं बसायची, दोघं बॉनेटवर. पट्टा नाही, एअरबॅग नाही, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल डांबरावर आलेला, आणि ब्रेक दाबला की चाकं लॉक होऊन गाडी आडवी. आमच्या भागातल्या कित्येक घरांत त्या काळच्या अपघाताची एकेक आठवण आहे. आज गाडी आपणहून सावध करते, ही मोठी कमाई आहे. ती मला कधीही गमवायची नाही.

हा बदल टप्प्याटप्प्यानं आला. १४ डिसेंबर १९८३ला मारुती ८०० रस्त्यावर आली. काही वर्षांनी ती आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांकडे आणि कापसाच्या व्यापाऱ्यांकडे दिसू लागली. तिच्या डॅशबोर्डवर ऑइलचा आणि चार्जिंगचा लाल दिवा होता. सन २००० पासून धुराचे नवे नियम लागू झाले, पेट्रोल गाड्यांतला कार्बोरेटर हळूहळू गेला आणि त्याच्या जागी इंजेक्शन आलं. किती पेट्रोल सोडायचं हे आता एक छोटा संगणक ठरवू लागला, आणि त्याला खबर द्यायला इंजिनभर सेन्सर बसले. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला स्वतःची तपासणी करणारी एकसारखी यंत्रणा सक्तीची झाली होती. आपल्याकडे धुराच्या भारत स्टेज ४ नियमांबरोबर ती टप्प्यानं आली. स्टेअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावला की गाडी आपले दोष कोडच्या रूपात सांगते. २०१९च्या एप्रिलपासून नव्या कारना चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं. त्याच वर्षी जुलैपासून चालकाची एअरबॅग, पट्ट्याची आठवण करणारा इशारा, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर आले. १ एप्रिल २०२०ला भारत स्टेज ६ लागू झालं आणि धुराच्या मार्गावर आणखी सेन्सर बसले.

इतक्या सेन्सरना वेगवेगळ्या तारा ओढल्या असत्या तर गाडीत तांब्याचा भाराच झाला असता. त्यावरचा उपाय बॉश कंपनीनं १९८६ सालीच जगासमोर मांडला होता. तारांची एक जोडी घ्यायची आणि गाडीतले सगळे छोटे संगणक तिच्यावरून एकमेकांशी बोलणार. त्या पद्धतीला कॅन म्हणतात. आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, स्टेअरिंग, एअरबॅग, डॅशबोर्ड हे सगळे एकमेकांची खबर वापरतात. म्हणूनच एका जागचा बिघाड चार जागी दिसतो. विहिरीवरची एक मोटर बंद पडली की चार शेतांतलं पाणी एकदम थांबतं, आणि नवखा माणूस चारही शेतांतले पाट उकरत बसतो. तसंच हे आहे.

मला हे नीट समजलं ते माझ्या स्वतःच्या गाडीमुळे. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाची घरघर येऊ लागली होती. दादांनी शिकवलेल्या कानानं बेरिंग ओळखली आणि गाडी शहरातल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली. काम झालं, गाडी धुऊन-पुसून मिळाली, बिल भरलं. घरघर खरंच गेली होती. अंबड मागे पडलं आणि डॅशबोर्डवर पिवळे दिवे एकामागून एक लागले: एबीएसचा, घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा आणि चढावर गाडी धरून ठेवणाऱ्या हिल असिस्टचा. पाठोपाठ स्टेअरिंगचाही दिवा लागला. दुरुस्तीला नेताना यातला एकही दिवा नव्हता. फोन केला तर उत्तर आलं की हा नवीन प्रॉब्लेम दिसतो, गाडी परत आणा, तपासणीचा वेगळा चार्ज लागेल.

ज्या माणसानं बेरिंग बसवली त्याच्याशी मला बोलता आलं नाही. त्याचं नावही मला माहीत नव्हतं, आणि माझं नाव त्याला. माझी तक्रार काउंटरवरच्या अ‍ॅडव्हायझरनं लिहून घेतली होती. त्याच्याकडून जॉबकार्ड आत गेलं, आतून गाडी धुलाईला आली आणि तिथून माझ्याकडे. या साखळीत कुणी वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. दिवसभरात इतक्या गाड्या बाहेर काढायच्या असतात की प्रत्येकाच्या वाट्याला कामाचा एक तुकडा येतो. पण शेवटची चक्कर कुणाच्याच तुकड्यात नसते.

लाल दिवा असता तर मी गाडी तिथेच उभी केली असती. डॅशबोर्डची ही भाषा प्रत्येकानं शिकून घ्यावी अशी आहे. लाल म्हणजे थांबा: ऑइल प्रेशर, इंजिनची हीट, ब्रेकचं तेल, चार्जिंग. पिवळा म्हणजे जपून चालवा आणि लवकर दाखवा. त्यातला इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मात्र वेग कमी करून लवकर थांबावं, कारण न जळलेलं इंधन धुराच्या नळीतल्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो, आणि तो भाग फार महाग असतो. नुसता एबीएसचा पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी पुढे नेऊ नये. मी सावकाश, अंतर राखून गाव गाठलं.

आज कुंभार पिंपळगावच्या त्याच रस्त्याला एका तरुण मुलाचं गॅरेज आहे. आयटीआय केलेला, काही वर्षं शहरात नोकरी करून परतलेला. उस्तादांचा तो कुणी नातेवाईक नाही. मी दिवे दाखवले तसा तो म्हणाला, “काका, दिवे चार आहेत, पण दोष एकच निघेल. बेरिंगचं काम झालंय ना? मग त्याच चाकापासून बघू.” त्यानं स्टेअरिंगखाली स्कॅनर लावला. कोड आला तो पुढच्या डाव्या चाकाच्या वेगाच्या सेन्सरचा. तेवढ्यावर तो थांबला नाही. गाडी हळू चालवायला सांगून त्यानं चारही चाकांचे वेग पडद्यावर आणले. तीन चाकांचा वेग सारखा, चौथ्याचा शून्य. चालत्या गाडीचं एक चाक उभं कसं राहील? म्हणजे चाक फिरतंय, पण त्याची खबर वर पोहोचत नाही.

मग त्यानं स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि बॅटरी घेऊन चाकाच्या आत पाहिलं. सेन्सरची तार आपल्या क्लिपमध्ये बसवलेलीच नव्हती. ती लोंबत होती आणि तिचा प्लग अर्धवट बसला होता. बेरिंग काढताना तार बाजूला घ्यावी लागते. परत लावताना प्लग ‘टक’ वाजेपर्यंत दाबायचा आणि तार क्लिपमध्ये अडकवायची, एवढं एक काम सुटलं होतं. त्या एका चाकाचा वेग एबीएसला लागतो, घसरण रोखायला लागतो, चढावर गाडी धरायला लागतो आणि स्टेअरिंगचा हलकेपणा ठरवायलाही लागतो. खबर तुटली तशी चारही यंत्रणांनी हात वर केले आणि चार दिवे लागले. एकही दिवा खोटा नव्हता.

त्यानं तार जागेवर बसवली, प्लग दाबला, कोड पुसला. दिवे विझले. मी पाकिटाला हात घातला तसा तो म्हणाला, “थांबा काका, एक चक्कर मारू. उभ्या गाडीत दिवा विझला म्हणजे काही खरं नाही.” आणि ते शब्दशः बरोबर होतं. कोड पुसल्यावर अनेक गाड्यांची एबीएस यंत्रणा थोडा वेग घेतल्याशिवाय स्वतःची चाचणी पुरी करत नाही. इंजिनच्या धुराच्या काही तपासण्या तर वेगवेगळ्या वेगानं बराच वेळ चालल्याशिवाय होतच नाहीत. दोष तसाच ठेवून नुसता कोड पुसला तरी दिवा काही काळ विझलेला राहतो आणि मालक पुढच्या गावाला पोहोचला की पुन्हा लागतो. म्हणजे नव्या गाडीला ती चक्कर जुन्या गाडीपेक्षाही अधिक लागते. उस्तादांना कान पुरत होते. आता गाडीचा संगणक रस्त्यावरच आपली परीक्षा देतो, आणि ती परीक्षा पाहायला कुणीतरी गाडीत असावं लागतं.

दुरुस्तीनंतर उगवणाऱ्या दिव्यांची कारणं पुष्कळदा अशीच साधी असतात. काही बेरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाचं कडं असतं. सेन्सर त्याच्यावरून वेग मोजतो. अशी बेरिंग उलटी बसली तर घरघर जाते, पण खबरही जाते. गालिचा धुवायला सीट काढली आणि तिच्या खालचा पिवळा प्लग सुटलेला असताना कुणी चावी फिरवली, तर एअरबॅगचा दिवा लागतो. पुढे प्लग लावला तरी बऱ्याच गाड्यांत तो स्कॅनरनं पुसेपर्यंत जात नाही, आणि तोवर अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री राहत नाही. एअर फिल्टर बदलताना हवा मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग किंवा एखादी रबरी नळी सुटली की इंजिनचा पिवळा दिवा येतो. बॅटरी बदलली की काही गाड्या स्टेअरिंगची मधली जागा विसरतात आणि ती त्यांना पुन्हा शिकवावी लागते. काम चालू असताना चावी तासन्‌तास चालू राहिली आणि बॅटरी उतरली, तरी निरनिराळ्या संगणकांत कोड साठतात. चाकांची अलाइनमेंट केली आणि स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणला नाही, तरी दिवा लागतो. यातलं काहीही मोठा बिघाड नाही. थोडा वेळ देऊन, गाडी चालवून पाहिली असती तर यातलं बहुतेक गॅरेजच्या दारातच लक्षात आलं असतं.

उस्तादांचं गॅरेज बंद झालं ते या दिव्यांमुळे. कानाला लावायचा पेचकस त्यांच्याकडे होता, पण गाडीच्या संगणकाशी बोलायचं यंत्र त्यांना कुणी विकायला तयार नव्हतं. कंपन्यांची यंत्रं कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरपुरती होती. हा प्रश्न एकट्या उस्तादांचा नव्हता. २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे याबद्दल तक्रार झाली. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, असा निष्कर्ष काढून २५ ऑगस्ट २०१४ला आयोगानं १४ कारकंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. पुढे अपिलं झाली, पण गाडी कुणाकडे दुरुस्त करायची हे मालकानं ठरवायचं, हा विचार त्या आदेशानं देशासमोर ठेवला. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी वेगळं पोर्टल सुरू केलं. आज आमच्या गावाजवळचा मुलगा परवडणाऱ्या किमतीचा स्कॅनर घेऊन बसू शकतो. ही संधी उस्तादांच्या उमेदीच्या काळात आली असती तर ते तेही शिकले असते, याबद्दल मला शंका नाही. दादांच्या जीपला बसवलेला डायनामो जाऊन नव्या गाड्यांना अल्टरनेटर आला, तेव्हा तो त्यांनी खोलून, मांडून, समजून घेतला होता. नवं त्यांना कधी परकं नव्हतं.

जुना काळ आठवताना माणसं बहुधा म्हणतात की तेव्हाच्या गाड्या चांगल्या होत्या. मी तसं म्हणणार नाही. आताच्या गाड्या कितीतरी चांगल्या आहेत. समृद्धी महामार्गावर जालन्याहून चढलेली गाडी ज्या वेगानं जाते, त्या वेगाला एबीएस आणि एअरबॅग हव्यातच. चांगला होता तो तेव्हाचा कामाचा शेवट. मिस्त्री आणि मालक एकाच गाडीत बसून केलेल्या कामाची परीक्षा घ्यायचे, आणि त्यात कुणाचा अपमान होत नसे. परीक्षेत काम उतरलं तर मिस्त्रीची मान उंच व्हायची. उरलं असेल तर तो स्वतःच म्हणायचा, पुन्हा खोलतो. दोघांमधला विश्वास त्या चक्करवर उभा होता.

ती चक्कर परत आणता येते, आणि ती आपणच मागायला हवी. गाडी कामाला देताना डॅशबोर्डचा चालू अवस्थेतला फोटो काढून ठेवावा, म्हणजे आधी कोणते दिवे होते आणि कोणते नव्हते याचा वाद राहत नाही. काम सुरू करण्यापूर्वीचा आणि संपल्यानंतरचा, असे दोन्ही स्कॅन रिपोर्ट छापून मागावेत. बदललेले जुने भाग मागावेत. पैसे देण्याआधी, काम करणारा किंवा निदान जबाबदार माणूस शेजारी बसवून, ब्रेक मारत, वळणं घेत गाडी चालवावी, आणि परत आल्यावर डॅशबोर्ड पुन्हा बघावा. नवा दिवा लागलाच तर त्याच दिवशी लेखी कळवावं. केलेल्या कामातून उपजलेला दोष ही सेवेतली त्रुटी आहे आणि २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा तिच्यासाठी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. आमच्याकडच्या माणसाला काचेच्या शोरूममध्ये, गार हवेत, इंग्रजी जॉबकार्डापुढे बोलायला संकोच वाटतो. तो संकोच सोडायला हवा. कापसाच्या, मोसंबीच्या पैशातून घेतलेली गाडी आहे, तिच्यात बायकामुलं बसणार आहेत.

जे दुरुस्ती करतात त्यांनाही मला काही सांगायचं आहे. हाताखाली शिकणाऱ्या पोरांना कोड वाचायला शिकवा, आणि कोड ही चौकशीची सुरुवात आहे, तिचा निकाल नाही, हेही शिकवा. प्लग बसल्याचा ‘टक’ कानानं ऐकायला शिकवा. गाडीच्या मालकाला बोलावून दोष दाखवायला शिकवा. ज्यानं काम केलं त्याचं नाव बिलावर येऊ द्या, आणि त्याला मालकाबरोबर रस्त्यावर जाऊ द्या. त्यात जाणारी पंधरा मिनिटं फुकट जात नाहीत. त्या पंधरा मिनिटांत गिऱ्हाइकाला खात्री मिळते आणि कारागिराला त्याचा मान मिळतो. यंत्रं बदलत राहतील. उद्या आमच्या रस्त्यांवर विजेच्या गाड्याच धावतील आणि त्यांच्या पडद्यांवर आणखी वेगळे दिवे लागतील. त्या गाड्यांनाही माणूसच दुरुस्त करणार आहे, आणि त्या माणसानं मालकाला शेजारी बसवून काम पडताळून दाखवलं, तरच ती दुरुस्ती पुरी झाली असं म्हणावं.